विश्लेषण : कापाब्लांकांना हरवणारे सुलतान खान कोण होते? ग्रँडमास्टर किताब मरणानंतर ५८ वर्षांनी का मिळाला?

सिरोंचा, एटापल्ली किंवा राजुऱ्याहून एखादे मूल नागपूरच्या रेटिंग स्पर्धेत पहिल्यांदा उतरते, तेव्हा जोड्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे शून्य असते. पहिल्याच फेरीत समोर १८००-१९०० रेटिंगचा खेळाडू येतो आणि सोबत आलेल्या पालकांचे तोंड उतरते. यात आयोजकांचा दुष्टावा नसतो. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो. २०० खेळाडू असतील तर पहिल्याची गाठ १०१व्याशी पडते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेत पहिल्या दिवशी दोन-चार तरी उलटफेर होतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचीच चर्चा चालते.

नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मानांकनात ती १५वी होती. अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवले. बुद्धिबळातला कमी रेटिंगवाल्याचा विजय म्हणजे काय, हे त्या आठवड्यात विदर्भातल्या घराघरांत कळले. मात्र भारतीय उपखंडातला असा सर्वांत गाजलेला विजय ९० वर्षांहून जुना आहे. तो मिळवणाऱ्या माणसाला रेटिंग नव्हते, कारण तेव्हा रेटिंगच अस्तित्वात नव्हते. त्यांचे नाव मीर सुलतान खान.

रेटिंगमधील फरकाचा नेमका अर्थ काय?

अर्पाद एलो या हंगेरियन वंशाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी तयार केलेली पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे ‘फिडे’ने, १९७० मध्ये स्वीकारली. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या अकलेचे माप नव्हे. दोघांच्या रेटिंगमधील फरकावरून एकमेकांविरुद्ध किती गुण अपेक्षित आहेत, एवढेच ते सांगते. फरक २०० गुणांचा असेल तर वरच्याकडून चार डावांत साधारण तीन गुण अपेक्षित असतात आणि खालच्याकडून एक. फरक ४०० झाला की खालच्याच्या वाट्याला दहा डावांत जेमतेम एक गुण येतो, तोही बहुधा दोन बरोबऱ्यांतून.

म्हणून उलटफेराचे मोल जास्त. १५०० रेटिंगच्या शाळकरी मुलाने १९००च्या खेळाडूला हरवले तर एका डावातून त्याला सुमारे ३७ गुण मिळतात. हरणाऱ्या प्रौढाचे त्याच्या निम्मे जातात. नवोदित मुलांसाठी गुणक ४० आणि स्थिरावलेल्या खेळाडूंसाठी २० धरला जातो, म्हणून हा फरक. बिनरेटिंगच्या खेळाडूला मात्र असे सुटे गुण मिळत नाहीत. त्याचे पहिले रेटिंग निघायला रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव व्हावे लागतात.

एलो यांनी जुन्या खेळाडूंचे डाव तपासून त्यांचीही रेटिंग मागाहून काढली. त्यात होजे राउल कापाब्लांका यांच्या उत्तम काळाला २७२५ आणि सुलतान खान यांना २५३० गुण मिळाले. म्हणजे फरक १९५चा, आणि अपेक्षा चार डावांत एका गुणाची. कागदावर हे अंतर फार मोठे वाटत नाही. पण सुलतान खान यांना आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागून तेव्हा पाचेक वर्षेच झाली होती, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही.

सुलतान खान आधी कोणते बुद्धिबळ खेळत?

पंजाबमधल्या खुशाब भागातील मिठ्ठा टिवाना हे त्यांचे गाव. आज ते पाकिस्तानात आहे. जन्मसाल कुठे १९०३ तर कुठे १९०५ दिले जाते. त्यांच्या नावातला ‘सुलतान’ हा किताब नसून नावाचाच भाग आहे. घराणे पीरांचे, थोडीफार जमीन असलेले. वडील मियाँ निजामुद्दीन स्वतः चांगले खेळत आणि मुलाला नवव्या वर्षी त्यांनीच डाव शिकवला.

हा डाव देशी होता. महाराष्ट्रातही जुन्या पिढीने बहुतांशी असाच डाव मांडला. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट नसतो, शह बसलेला नसेल तर राजा आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरे जाऊ शकतो. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की हवा तो वजीर मागता येत नाही. ज्याच्या घरात ते पोहोचले त्याचेच रूप त्याला मिळते, म्हणजे उंटाच्या घरात उंट आणि हत्तीच्या घरात हत्ती. प्रांतागणिक बारीकसारीक फरक होतेच.

अशा डावात सुरुवात सावकाश होते. दोन्ही बाजू आपापल्या घरात मांडामांड करत राहतात, पाठ केलेल्या चालींना अर्थ नसतो आणि खरी कसोटी मधल्या व शेवटच्या टप्प्यात लागते. सुलतान खान यांच्या खेळाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही इथूनच आले. इंग्लंडमध्ये त्यांच्या सुरुवातीच्या चालींना समीक्षक नाके मुरडत. पण डाव तिसाव्या चालीपुढे गेला की त्याच समीक्षकांचा सूर बदले.

वयाच्या विशीत ते पंजाबातले सर्वांत बलवान खेळाडू मानले जात होते. त्याच सुमारास मोठे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांनी त्यांना आपल्या पदरी घेतले आणि युरोपीय नियमांचा सराव करवला. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली. नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी आणि पराभव एकही नाही, असा सुलतान खान यांचा निकाल होता.

लंडनमध्ये काय घडले?

१९२९च्या वसंतात सर उमर त्यांना घेऊन लंडनला गेले. सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली आणि त्यात सुलतान खान यांची कामगिरी साधारणच झाली. सुरुवातीच्या चालींची युरोपात शतकभर साठलेली माहिती त्यांना नव्हती आणि इंग्रजी पुस्तके वाचण्याइतके इंग्रजी येत नव्हते. मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन ब्रिटिश खेळाडूंनी त्यांना तयारी करून दिली. पुढच्या काही महिन्यांत, त्याच उन्हाळ्यात, रॅम्सगेट येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. साम्राज्याच्या कोणत्याही भागातला खेळाडू या स्पर्धेत उतरू शकत असला, तरी वसाहतीतून आलेला आणि भाषाही न येणारा माणूस ती जिंकेल असे कोणी धरले नव्हते.

इंग्लंडची हवा त्यांना मानवली नाही. हिवताप पाठ सोडत नव्हता. सर्दी-पडसे आणि घशाचे दुखणे तर नेहमीचेच. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते पटावर बसत, असे त्या काळच्या वर्णनांत वारंवार येते.

कापाब्लांकांविरुद्धचा डाव

१९३०च्या डिसेंबरअखेर हेस्टिंग्ज येथे दरवर्षीची नाताळची स्पर्धा सुरू झाली. क्यूबाचे कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेते होते. त्याआधीपासून, म्हणजे १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे, ते एकही स्पर्धात्मक डाव हरले नव्हते. किताब अलेखाइन यांच्याकडे गेला असला तरी त्यांना हरवणे ही तेव्हाही बातमीच होती.

सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळले. मोबाइलवरच्या कोणत्याही बुद्धिबळ अ‍ॅपवर हा डाव सहज सापडतो आणि चालींचा क्रम समोर ठेवून वाचला तर अधिक रंगतो. सुरुवात ‘क्वीन्स इंडियन’ बचावाची. नवव्या चालीला काळ्याचा घोडा पटाच्या मध्यावर येऊन बसला. पांढऱ्याने किल्लेकोट केलाच नाही. १४व्या चालीला त्याने राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे पुढे रेटले आणि मग शेजारचेही. राजा मध्येच उघडा ठेवून प्यादी ढकलण्याची ही रीत इंग्रज प्रेक्षकांना अडाणी वाटली असेल. देशी डावात मात्र राजा असाच उभा असतो.

कापाब्लांकांनी दोन्ही हत्ती ‘सी’ पट्टीवर एकामागे एक लावले. २१व्या चालीला पहिला हत्ती थेट सी-१ घरात उतरून शह देऊन गेला. राजा एक घर वर आला. लगेच दुसरा हत्ती सी-२ वर आला, पुन्हा शह. पांढऱ्या वजिराने तो मारला, पहिल्या हत्तीने वजीर घेतला आणि राजाने तो हत्ती घेतला. धूळ बसली तेव्हा हिशेब असा होता : कापाब्लांकांकडे वजीर, एक उंट आणि एक घोडा, सुलतान खान यांच्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट.

वजीर मिळाला की सामान्य खेळाडू खूश होतो. त्याहून वरच्या दर्जाचे खेळाडू दोन हत्तींना वजिरापेक्षा थोडे सरस मानतात, पण एका अटीवर. हत्तींना मोकळी पट्टी हवी, एकमेकांचा आधार हवा आणि आपला राजा शहांपासून सुरक्षित हवा. वजीर एकटा असला तरी चपळ असतो. तो सतत शह देऊन हत्तींना जोडीने बसू देत नाही. कापाब्लांकांचा भरवसा याच चपळाईवर होता. त्यांचा वजीर लगेच पांढऱ्याच्या गोटात शिरलाही.

इथून पुढच्या ४० चाली हा या डावाचा गाभा. सुलतान खान यांनी आधी उंट मागे घेऊन घरे बंद केली. मग दोन्ही हत्ती ‘सी’ पट्टीवर आणले. राजाच्या बाजूची प्यादी पुढे नेऊन काळ्या घोड्याला आणि राजाला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. आता काळ्याच्या वजिराला करण्यासारखे काही उरले नव्हते. तो ‘एच’ पट्टीवर दोन घरांत येरझारा घालत राहिला. सुलतान खान यांनीही घाई केली नाही. त्यांचा राजा सी-१, बी-२, ए-३ असा फिरला, परत बी-२, बी-१, ए-१ आणि पुन्हा बी-२ वर आला. वरवर पाहता या चालींत काहीच घडत नाही. नवख्याला वाटेल, दोघे वेळ काढत आहेत. पण मधूनच वजिराच्या बाजूचे प्यादे एक घर सरकत होते, उंट चांगल्या घरात जात होता आणि काळ्याच्या प्रत्येक नव्या चालीने त्याची बाजू थोडी उसवत होती.

५३व्या चालीला एक हत्ती सी-६ घरात शिरला. कापाब्लांकांनी राजाच्या बाजूचे एक प्यादे मारून घेतले, तोवर उशीर झाला होता. ६१व्या चालीला हत्तीने बी-६ वरचे प्यादे टिपले आणि पांढऱ्याच्या ‘बी’ प्याद्याची वाट मोकळी झाली. ते बी-६ वर आले, उंट त्याच्या पाठीशी बी-५ वर उभा राहिला आणि ६५व्या चालीला हत्ती बी-८ वर जाताच कापाब्लांकांनी डाव सोडला.

या विजयात नशिबाचा भाग शोधूनही सापडत नाही. कमी रेटिंगवाल्याचे बहुतेक विजय समोरच्याच्या एका ढोबळ चुकीतून येतात : मोहरा फुकट जातो, घड्याळ संपते, मात दिसत नाही. इथे माजी जगज्जेत्याला त्याच्याच शैलीने, म्हणजे साध्या चालींनी आणि अंतिम टप्प्यातल्या चिकाटीने, हळूहळू दाबत नेले गेले. त्या स्पर्धेत कापाब्लांका हा एकच डाव हरले. मॅक्स युवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. युवे पुढे १९३५ मध्ये जगज्जेते झाले.

तो एकच डाव होता का?

नव्हता. १९३० मध्येच लीज येथील स्पर्धेत ते तार्ताकोव्हर यांच्या मागोमाग दुसरे होते. १९३१ मध्ये त्याच तार्ताकोव्हर यांना १२ डावांच्या लढतीत त्यांनी साडेसहा-साडेपाच असे हरवले. १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडे आले. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टोन या तीन ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडकडून खेळले. १९३१च्या प्रागमध्ये त्यांनी १७ डावांत आठ जिंकले, सात बरोबरीत सोडवले, दोन गमावले. हरलेल्यांत फ्लोर आणि रुबिनस्टाइन होते आणि बरोबरी झालेल्यांत खुद्द जगज्जेते अलेखाइन.

त्याच घरातल्या आणखी एका नावाची आठवण क्वचितच काढली जाते. सर उमर यांच्या लंडनच्या घरात राहणाऱ्या फातिमा या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. दहा विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही. त्यानंतर तीही बुद्धिबळातून नाहीशी झाली.

ते नोकर होते का?

सुलतान खान यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट अमेरिकी खेळाडू रूबेन फाइन यांच्या आठवणीतली आहे. १९३३च्या ऑलिम्पियाडनंतर अमेरिकी संघाला सर उमर यांच्या घरी बोलावणे आले, तेव्हा ज्यांच्या सन्मानार्थ आपण आलो असे पाहुण्यांना वाटत होते ते सुलतान खान जेवण वाढत होते, असे फाइन यांनी लिहिले. त्यावरून ‘नोकर’, ‘गुलाम’ अशी विशेषणे पाश्चात्त्य लेखनात रूढ झाली. ब्रिटिश ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे २०२० मधले चरित्रही त्याच वळणाने गेले. त्यावर घराण्याने जाहीर आक्षेप घेतला. आमचे घराणे पीरांचे व जमीनदारांचे होते, सर उमर हे मालक नव्हे तर आश्रयदाते होते, आणि सुलतान खान निरक्षरही नव्हते, असा त्यांचा मुद्दा आहे.

दरबारी आश्रयाची पद्धत ज्यांनी पाहिली-ऐकली आहे त्यांना यात फारसा विरोध दिसणार नाही. संस्थानिकाच्या पदरचा गवई किंवा मल्ल हा घरगडी नसे आणि पूर्ण स्वतंत्रही नसे. पाहुण्यांपुढे ताट ठेवणे हे आपल्याकडे चाकरीचे लक्षण असतेच असे नाही. मात्र कुठे आणि किती काळ खेळायचे, हे सुलतान खान यांच्या हातात नव्हते, एवढे त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटावरून दिसते. १९३३ संपता संपता सर उमर भारतात परतले आणि सुलतान खान त्यांच्याबरोबर परतले. तेव्हा ते तिशीच्या आसपास होते आणि ब्रिटनचे विद्यमान विजेते होते.

खाडिलकरांशी लढत आणि नंतरचे मौन

भारतात आल्यावरचा त्यांचा एकच मोठा सामना नोंदलेला आहे आणि त्यात समोर मराठी खेळाडू होता. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी ते दहा डाव खेळले. खाडिलकरांना एका बरोबरीपलीकडे काही मिळाले नाही. उरलेले नऊही डाव सुलतान खान यांनी जिंकले. त्या काळच्या देशी खेळाडूंना खाली दाखवण्यासाठी हा आकडा वापरणे बरोबर नाही. खाडिलकरांना विंटर-येट्ससारखे शिक्षक आणि पाच वर्षांच्या युरोपीय स्पर्धा लाभल्या असत्या तर निकाल कदाचित इतका एकतर्फी झाला नसता.

त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला सुलतान खान यांच्याकडून काही कळले नाही. १९४४ मध्ये सर उमर वारले. फाळणीत खुशाब पाकिस्तानात गेले. सुलतान खान आपल्या जमिनीवर शेती पाहत राहिले. मुलांना त्यांनी डाव शिकवला नाही. याहून उपयोगी काही करा, असे ते सांगत, अशी आठवण थोरल्या मुलाने सांगितली आहे. स्वतंत्र भारताची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये एलुरू येथे झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, तेव्हा पूर्वीच्या ‘अखिल भारतीय’ विजेत्याची दोन्हींकडच्या खेळाडूंना फारशी ओळखही उरली नसावी. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

किताब इतका उशिरा का?

‘फिडे’ने ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे १९५० मध्ये सुरू केला. पहिल्या यादीत २७ नावे होती. रुबिनस्टाइन तेव्हा अनेक वर्षे खेळातून बाहेर होते, पण जुन्या कामगिरीवर त्यांचे नाव आले. तार्ताकोव्हर आले, फ्लोर आले. यांपैकी दोघांना सुलतान खान यांनी प्रागमध्ये हरवले होते आणि एकाशी सामना जिंकला होता. तरीही यादीत ते नव्हते आणि तेव्हा ते हयात होते. अशी नावे पुढे करायला राष्ट्रीय संघटना लागते. इंग्लंडच्या दृष्टीने ते परत गेलेले पाहुणे होते, भारताच्या दृष्टीने पलीकडचे, आणि नव्या पाकिस्तानात बुद्धिबळाला विचारणारे फारसे कोणी नव्हते.

आशियाला पहिला ग्रँडमास्टर १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या युजेनिओ टोरे यांच्या रूपाने मिळाला, भारताला १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने. सुलतान खान यांना ‘फिडे’ने सन्माननीय ग्रँडमास्टर घोषित केले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. महासंघाचे अध्यक्ष अर्काडी ड्वॉरकोविच यांनी इस्लामाबादेत तो किताब पाकिस्तानचे तत्कालीन काळजीवाहू पंतप्रधान अन्वर उल हक काकर यांच्याकडे सुपूर्द केला. त्यामुळे पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर म्हणून आता त्यांचीच नोंद आहे. ज्या तीन ऑलिम्पियाडमध्ये ते खेळले, तिथल्या निकालपत्रकांत मात्र त्यांच्या नावापुढे इंग्लंड लिहिलेले आहे.